आधी गाव, मग नाव

शिकागोत, टेक्ससमध्ये किंवा नेब्रास्कात राहणारा एखादा अमेरिकन आपल्या खापरपणजोबांचा शोध घ्यायला बसतो, तेव्हा त्याला पहिल्याच कागदावर ठेच लागते. घरात सगळे सांगत आलेले असतात की आपण मूळचे झेक. जुन्या शिरगणतीत मात्र जन्माचा देश म्हणून ‘ऑस्ट्रिया’ लिहिलेलं असतं. आडनावाचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं असतं आणि गावाचा तर कुठेच पत्ता नसतो. ‘मग खरं काय, आणि शोधायचं तरी कुठे?’ हा त्याचा साधा प्रश्न. त्याचं उत्तर या प्रकरणात टप्प्याटप्प्याने पाहू. सूत्र एकच आहे: जुना कागद हातात आला की तो कुणी लिहिला आणि कुणाच्या गरजेपोटी लिहिला, हे आधी विचारायचं. ते कळलं की त्यात काय सापडेल, काय सापडणार नाही आणि पुढचा कागद कुठल्या दप्तरात असेल, याचा अंदाज बांधता येतो.

१. एकच माणूस, तीन देश

आजचा झेक देश बोहेमिया, मोराव्हिया आणि सायलेशियाचा काही भाग मिळून झालेला आहे. हे प्रदेश १५२६पासून हाब्सबुर्ग घराण्याच्या अमलाखाली होते. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला आणि १९९३च्या आरंभी त्याचे दोन देश झाले. म्हणजे १८५८ साली बोहेमियातल्या एखाद्या खेड्यात जन्मलेला माणूस कायद्याने ऑस्ट्रियाच्या सम्राटाचा प्रजाजन होता, प्रांताने बोहेमियाचा होता आणि भाषेने झेक होता. तो अमेरिकेत म्हातारा झाला तेव्हा त्याच्या गावाचा देश चेकोस्लोव्हाकिया झालेला होता. शिरगणतीच्या कारकुनाने दर खेपेला वेगळं उत्तर लिहिलं, तरी त्यातलं एकही खोटं नव्हतं. म्हणून ‘ऑस्ट्रिया’ हा शब्द पाहून व्हिएन्नाकडे धावायचं नाही आणि घरची आठवण चुकीची ठरवायचीही नाही.

या लोकांनी देश का सोडला, हेही थोडक्यात समजून घ्यायला हवं, कारण त्यावरून शोधाचा काळ ठरतो. १८४८मध्ये ऑस्ट्रियात शेतकऱ्यांची वेठबिगारी संपली आणि खेड्यातल्या माणसाला जमीनदाराच्या मर्जीविना हालचाल करणं सोपं झालं. १८५०च्या दशकात मोराव्हियातली कुटुंबं टेक्ससकडे जाऊ लागली. विस्कॉन्सिन, आयोवा आणि नेब्रास्कात झेक वस्त्या उभ्या राहिल्या. १८६२च्या अमेरिकन कायद्याने पाच वर्षं जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळू लागली, तसा हा ओघ वाढला. पुढच्या पिढ्या कारखान्यांच्या शहरांत गेल्या. शिकागोतल्या एका वस्तीचं पिल्सेन हे नाव बोहेमियातल्या प्लझेन शहरावरून पडलेलं आहे. कुटुंब कोणत्या दशकात आणि कोणत्या राज्यात उतरलं हे कळलं, की ते बोहेमियातून आलं की मोराव्हियातून, याचा कच्चा अंदाज येतो. पण अंदाज म्हणजे पुरावा नव्हे.

२. कागद कुणाच्या गरजेपोटी?

झेक प्रदेशात सर्वसामान्य माणसाची नोंद प्रथम चर्चने केली. १५६३मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने बाप्तिस्मा आणि विवाह यांच्या वह्या ठेवण्याचा आदेश दिला. जवळच्या नात्यात लग्न होऊ नये आणि एका माणसाचं दुसरं लग्न लपून राहू नये, ही चर्चची गरज होती. मृत्यूच्या नोंदींचा नियम १६१४मध्ये आला. या वह्यांना झेकमध्ये ‘मात्रिका’ म्हणतात. पुढे राज्यालाही माणसांची मोजदाद हवी झाली. १७७०-७१मध्ये मारिया तेरेझाच्या काळात घराघराला क्रमांक दिले गेले, ते सैन्यभरतीसाठी किती पुरुष मिळतील हे कळावं म्हणून. १७८४मध्ये तिचा मुलगा दुसरा योसेफ याने चर्चच्या वह्यांना सरकारी दस्तऐवजाचा दर्जा दिला. रकाने ठरवून दिले, प्रत्येक गावाच्या नोंदी वेगळ्या ठेवायला लावल्या आणि घराचा क्रमांक लिहिणं बंधनकारक केलं.

सगळ्या शोधाची किल्ली इथे आहे. या दप्तराची रचना आधी गाव, मग घर आणि शेवटी माणूस अशी आहे. पाद्र्याला आणि भरती अधिकाऱ्याला माणूस त्याच्या जागेवरून ओळखायचा होता, म्हणून त्यांनी कागदही जागेप्रमाणे लावले. आडनावाच्या जोरावर या दप्तरात शिरता येत नाही. गाव माहीत असेल, तर आडनाव थोडं बदललेलं असलं तरी अडत नाही.

अमेरिकेतल्या कागदांची गरज निराळी होती. नागरिकत्व देणाऱ्या न्यायालयाला माणूस कोणत्या राजाची निष्ठा सोडतो आहे एवढंच हवं होतं. म्हणून १९०६पूर्वीच्या बहुतेक अर्जांत ‘ऑस्ट्रियाचा सम्राट’ इतकंच सापडतं. १९०६च्या कायद्यानंतर देशभर एकसारखे अर्ज आले आणि त्यांत जन्मस्थान, जन्मतारीख, जहाज, बायकोमुलांची नावं असे रकाने आले. ज्याचा पूर्वज १८८०मध्ये नागरिक झाला, त्याने या अर्जात गाव मिळेल अशी आशा फारशी धरू नये. ज्याचा पूर्वज १९१०मध्ये झाला, त्याने मात्र तो अर्ज सर्वांत आधी मागवावा.

३. शोध उतरलेल्या देशातून सुरू करायचा

गावाचं नाव हवं असेल तर ते बहुधा अमेरिकेतच मिळवावं लागतं, कारण तिकडच्या दप्तरात शिरण्यासाठी तेच हातात असावं लागतं. म्हणून शोध आजपासून मागे, एकेक पिढी पक्की करत न्यायचा. १९००च्या शिरगणतीत जन्माचा महिना, वर्ष आणि देशात आल्याचं वर्ष विचारलेलं आहे. १९२०च्या शिरगणतीत मातृभाषा आहे, आणि ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्यांचा प्रांत किंवा शहर लिहिण्याची सूचना कारकुनांना होती. १८९०ची शिरगणती मात्र १९२१च्या आगीनंतर जवळजवळ हातची गेली. पहिल्या महायुद्धातल्या भरतीची कार्डं, १९३६पासूनचे सामाजिक सुरक्षेचे अर्ज, मृत्यूचे दाखले, थडग्यांवरचे झेक मजकूर, झेक वृत्तपत्रांतल्या निधनवार्ता, यांपैकी कशातही गाव लिहिलेलं असू शकतं.

झेक माणूस म्हटला की चर्चच्या वहीत सापडेलच, असं अमेरिकेत धरून चालत नाही. स्थलांतरित झेकांपैकी फार मोठ्या संख्येने लोकांनी तिथे चर्चशी संबंध तोडला आणि ते स्वतःला मुक्तविचारवादी म्हणवू लागले. त्यांनी स्वतःच्या शाळा, सोकोल नावाच्या व्यायामसंस्था, सभागृहं आणि स्मशानभूमी उभ्या केल्या. शिकागोतली बोहेमियन राष्ट्रीय स्मशानभूमी १८७७मध्ये याच मंडळींनी सुरू केली. सेंट लुइसमध्ये १८५४मध्ये स्थापन झालेल्या झेक-स्लाव्ह परस्पर साहाय्य मंडळासारख्या संस्था सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला रक्कम देत. पैसा द्यायचा म्हणजे माणूस नेमका कोण हे ठाऊक हवं. त्यामुळे अशा मंडळांचे कागद तपशिलाने लिहिलेले असतात आणि चर्चची वही जिथे गप्प असते, तिथे ते उपयोगी पडतात.

जहाजांच्या याद्यांचंही तसंच आहे. बहुतेक झेक कुटुंबं ब्रेमेन किंवा हॅम्बुर्ग बंदरातून निघाली. हॅम्बुर्गच्या १८५० ते १९३४ या काळातल्या याद्या टिकल्या आहेत आणि त्यांत प्रवासी कुठून आला ते लिहिलेलं असतं. ब्रेमेनच्या जुन्या याद्या जागेअभावी नष्ट केल्या गेल्या आणि पुढच्याही बऱ्याचशा युद्धात गेल्या. पूर्वज ब्रेमेनमार्गे गेला असेल, तर उतरल्या बंदराची यादी पाहावी लागते. ती अमेरिकन कायद्यासाठी तयार झालेली असे, आणि जुन्या काळी त्या कायद्याला देशाच्या नावापलीकडे फारसं काही नको होतं.

४. नाव कुणी बदललं?

‘एलिस बेटावरच्या अधिकाऱ्याने आमचं आडनाव बदललं’ हे असंख्य कुटुंबांत ऐकू येतं. ते पटत नाही, कारण तिथला अधिकारी नव्याने नाव लिहून घेत नव्हता. निघण्याच्या बंदरावर जहाज कंपनीने भरलेली यादी समोर ठेवून तो माणसं पडताळत असे. शिवाय त्या बेटावरचं स्थलांतरितांच्या तपासणीचं केंद्र १८९२मध्ये सुरू झालं. त्याआधी आलेल्या हजारो झेकांचा त्याच्याशी काही संबंध नाही. नावं बदलली ती नंतर, हळूहळू: शाळेत, कारखान्याच्या हजेरीपटावर, शेजाऱ्यांच्या तोंडी आणि पुष्कळदा स्वतःच्या इच्छेने.

या बदलालाही वळण असतं. पाद्री लॅटिनमध्ये किंवा जर्मनमध्ये लिहायचा, म्हणून घरचा वोयत्येख वहीत आडालबेर्ट होई आणि अमेरिकेत अल्बर्ट. वाच्लावचा वहीत वेन्सेस्लाउस होई, आणि अमेरिकेत त्याने अनेकदा जेम्स हे नाव घेतलेलं दिसतं. यानचा योहान आणि मग जॉन. बायकांच्या आडनावामागचं ‘ओवा’ अमेरिकेत गळून पडलं. बोहेमियात, विशेषतः दक्षिणेकडे, आणखी एक रीत होती: लग्न करून बायकोच्या घरी राहायला गेलेला पुरुष पुष्कळदा त्या घराच्या नावाने ओळखला जाई. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकारने आडनावं कायम करायला लावली, तोवर एकाच माणसाची दोन मुलं दोन आडनावांनी नोंदलेली सापडतात. अशा वेळी घरक्रमांकच त्यांना एकत्र आणतो.

नावापेक्षा जागा किती भरवशाची असते, याचं एक जाहीर उदाहरण आहे. २००४मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या जॉन केरी यांचं आडनाव आयरिश वाटतं आणि बरेच लोक त्यांना आयरिश वंशाचे समजत. २००३मध्ये ‘बॉस्टन ग्लोब’ने प्रसिद्ध केलेल्या माहितीत वेगळंच चित्र पुढे आलं. त्यांचे आजोबा फ्रेडरिक केरी यांचं जन्मनाव फ्रिट्झ कोन. १८७३मध्ये ते ऑस्ट्रियन सायलेशियातल्या बेनिश या गावी एका ज्यू कुटुंबात जन्मले. तेच आज झेक प्रजासत्ताकातलं होर्नी बेनेशोव्ह. त्यांनी कॅथलिक धर्म स्वीकारला, नाव बदललं आणि त्यानंतर १९०५मध्ये ते अमेरिकेत आले. आडनावाच्या मागे गेलेला शोधक आयर्लंडमध्ये पोचला असता. गावाच्या मागे गेलेला बरोबर जागी पोचला. आणि नाव बदललं गेलं ते कुठल्या बेटावर नव्हे, तर प्रवासाला निघण्यापूर्वी, स्वतःहून.

५. मात्रिकेचं पान

गाव हाती आलं तरी एक अडचण उरते. नोवा वेस, ल्होता अशा नावांची गावं झेक प्रदेशात कितीतरी आहेत, आणि अनेक गावांना झेक व जर्मन अशी दोन नावं होती. म्हणून गावाबरोबर जिल्हा किंवा जवळचं मोठं गाव कळलं पाहिजे. मग ते गाव कोणत्या चर्चच्या हद्दीत होतं ते पाहायचं, कारण लहान गावाला स्वतःचं चर्च नसे. १९५०पासून या वह्या चर्चकडून सरकारकडे आल्या. जुन्या वह्या आता प्राग, त्रेबोन, प्लझेन, लितोम्येर्झित्से, झामर्स्क, ब्रनो आणि ओपावा इथल्या प्रादेशिक दप्तरखान्यांत आहेत, आणि प्राग शहराच्या वह्या शहराच्या स्वतःच्या दप्तरखान्यात. बहुतेक पानांची छायाचित्रं इंटरनेटवर फुकट पाहता येतात. जन्माच्या वह्या शेवटच्या नोंदीला १०० वर्षं झाल्यावर आणि विवाह व मृत्यूच्या ७५ वर्षांनी दप्तरखान्यात येतात. त्याआधीच्या वह्या स्थानिक नोंदणी कार्यालयात असतात आणि त्या सर्वांसाठी खुल्या नसतात.

पान उघडलं की भाषा कधी लॅटिन, कधी जर्मन, कधी झेक. जर्मन मजकुराचं वळण ‘कुरेंट’ नावाचं असतं. मराठी वाचकाला ही अडचण लगेच समजेल: आपल्याला मराठी येत असूनही आजोबांच्या खतपत्रातली मोडी जशी वाचता येत नाही, तशी आजच्या जर्मन माणसालाही कुरेंट शिकल्याशिवाय वाचता येत नाही. सुदैवाने रकाने ठरलेले आहेत, त्यामुळे पन्नासेक शब्द ओळखता आले तरी काम सुरू होतं. सेदलाक म्हणजे पुरती जमीन असलेला शेतकरी, खालुपनीक म्हणजे छोटं घर आणि तुकडाभर जमीन असलेला, पोद्रुह म्हणजे दुसऱ्याच्या घरात राहणारा भूमिहीन मजूर. एकोणिसाव्या शतकातली बाप्तिस्म्याची नोंद पाहिली, तर बाळाचं नाव, तारीख, घरक्रमांक, धर्म, औरस की अनौरस, मग बाप, त्याचा धंदा आणि त्याचे आईबाप, नंतर आई आणि तिचे आईबाप, धर्ममातापिता, सुईण, असं सारं एका आडव्या ओळीत असतं. एकाच नोंदीत तीन पिढ्या मिळतात. समासात कधी नंतर वेगळ्या शाईने लिहिलेलं असतं: अमुक साली विवाह, अमुक साली चर्चचा त्याग. हे बारीक अक्षर वगळू नये. माणूस जन्मानंतर कुठे गेला, याचा धागा अनेकदा तिथेच मिळतो.

६. दोन फ्रांतिशेक

आता एक काल्पनिक उदाहरण सोडवू. नेब्रास्कातल्या १९००च्या शिरगणतीत फ्रँक नोवाक आहे: जन्म मार्च १८५८, देश बोहेमिया, आल्याचं वर्ष १८८१, बायको मेरी. थडग्यावर गाव लिहिलेलं आहे. त्या गावाच्या वहीत मार्च १८५८मध्ये दोन फ्रांतिशेक नोवाक आहेत, एक घर क्र. ७मध्ये आणि दुसरा घर क्र. ३१मध्ये. इथे घाई करणारा जो आवडेल तो उचलतो. नीट शोधणारा आधी मृत्यूची वही काढतो, कारण त्या काळी पुष्कळ मुलं लहानपणीच दगावत. क्र. ३१चा फ्रांतिशेक दोन वर्षांचा असताना वारल्याची नोंद मिळाली, तर एक शक्यता संपते. पण मेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देण्याची रीत होती, म्हणून क्र. ३१मध्ये नंतर आणखी एखादा फ्रांतिशेक जन्मला का, तेही पाहावं लागतं. शिरगणतीत वय दोनचार वर्षांनी चुकणं नवलाचं नाही. मग क्र. ७च्या फ्रांतिशेकच्या भावंडांची यादी करायची. त्यातली बहीण बार्बोरा नेब्रास्कात फ्रँकच्या मुलीची धर्ममाता म्हणून सापडली, हॅम्बुर्गच्या १८८१च्या यादीत त्याच गावचा फ्रांतिशेक, बायको मारिया आणि मुलांची जुळणारी वयं मिळाली, आणि गावाच्या वहीत १८८१नंतर त्या कुटुंबाची एकही नोंद नसली, तर ओळख पटली म्हणायला हरकत नाही. यातला एकही कागद एकट्याने पुरेसा नव्हता. चार वेगळ्या कार्यालयांनी चार वेगळ्या कारणांसाठी लिहिलेले कागद एकाच माणसाकडे बोट दाखवतात. त्यांनी आपसात ठरवून लिहिलेलं नाही, म्हणूनच त्यांच्या एकमताला वजन आहे.

७. काही रास्त आक्षेप

‘आता सगळं संगणकावर आहे. नाव टाकलं की वंशवेल समोर येते, मग हा खटाटोप कशाला?’ वह्यांची छायाचित्रं संगणकावर असणं आणि त्यांतलं प्रत्येक नाव शोधता येणं यांत फरक आहे. झेक वह्यांतल्या सर्व नावांची एक सूची नाही, आणि वहीच्या मागे असलेली जुनी सूची कधी कधी आडनावाऐवजी पहिल्या नावाप्रमाणे लावलेली असते. तयार मिळणाऱ्या वंशावळींत वरच्यासारखे दोन फ्रांतिशेक सहज एक होऊन बसतात आणि मग शेकडो लोक ती चूक उतरवून घेतात. जनुकीय चाचणी कुणाशी रक्ताचं नातं आहे ते सांगते. ते नातं कोणत्या गावातून आणि कोणत्या घरातून आलं, हे ठरवायला पुन्हा कागदच लागतो. चाचणी ही आणखी एक साक्ष आहे, निकाल नव्हे.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. घरक्रमांकावर एवढा भर द्यायचा, तर ज्याचं घरच नव्हतं त्याचं काय? हा आक्षेप खरा आहे. पोद्रुह कुटुंब आज या घरात, तर दोन वर्षांनी दुसऱ्या घरात. कधी गावच बदललेलं. अशा वेळी घराऐवजी माणसांचा माग काढावा लागतो. विवाहाच्या नोंदीत वधूवरांची मूळ ठिकाणं असतात आणि धर्ममातापिता पुष्कळदा नात्यातले किंवा मालकाच्या घरचे असतात. काम वाढतं, पण पद्धत तीच राहते. परदेशी गेलेल्यांत अशी गरीब कुटुंबं पुष्कळ होती, म्हणून त्यांचा माग अवघड आहे एवढ्यावरून तो सोडून देणं अन्यायाचं ठरेल.

तिसरा आक्षेप असा की हे सगळं कॅथलिकांपुरतं झालं. इथेही कागद लिहिणाऱ्याची गरज आठवावी. १६२०च्या पांढऱ्या टेकडीच्या लढाईनंतर झेक प्रोटेस्टंट पंथांवर बंदी आली, ती १७८१च्या सहिष्णुतेच्या फर्मानापर्यंत. त्या काळात मनाने प्रोटेस्टंट असलेल्यालाही मूल कॅथलिक पाद्र्याकडेच न्यावं लागे, म्हणून त्यांचे पूर्वज कॅथलिक वह्यांतच मिळतात. ज्यूंबाबत राज्याने आणखी कठोर नियम केला. १७२६च्या कायद्याने कुटुंबांची संख्या गोठवली आणि साधारणपणे थोरल्या मुलालाच लग्नाची परवानगी मिळे. बाकीच्यांनी धर्माप्रमाणे लग्न केलं तरी सरकार ते मानत नसे आणि त्यांची मुलं अनौरस म्हणून आईच्या आडनावाने नोंदली जात. ‘अनौरस’ हा शब्द तिथे त्या आईबापांविषयी काही सांगत नाही, तो कायद्याविषयी सांगतो. नाझी राजवटीत ज्यूंच्या पुष्कळ वह्या नष्ट झाल्या. त्यामुळे त्या कुटुंबांविषयीच्या सरकारी याद्या, शिरगणतीचे तक्ते आणि प्रागच्या राष्ट्रीय दप्तरखान्यात उरलेल्या वह्या यांवर भिस्त ठेवावी लागते.

८. माग कुठे थांबतो, आणि कसा लिहायचा

बहुतेक झेक शेतकरी कुटुंबांचा माग सतराव्या शतकाच्या मध्यापर्यंत जाऊन थांबतो. तीस वर्षांच्या युद्धाने (१६१८ ते १६४८) गावं ओस पाडली आणि अनेक ठिकाणी सलग वह्या त्यानंतरच सुरू होतात. बोहेमियात १६५१ची प्रजेची धर्मनिहाय यादी आणि १६५४ची शेतसाऱ्याची नोंद हाती लागते. त्याखेरीज जमिनीच्या खरेदी-वारसाच्या वह्या मदतीला येतात. या याद्याही राज्याने स्वतःसाठीच केल्या: कुणाला कॅथलिक करायचं राहिलं आहे आणि कुणाकडून कर घ्यायचा आहे, हे ठरवायला. ज्यांना फक्त मोजायचं होतं त्यांच्याच कागदांतून आज आपण त्या माणसांना नावानिशी ओळखू शकतो. यासाठी त्या कागदांबद्दल कृतज्ञ राहावं, पण त्यांच्या नजरेने त्या माणसांकडे पाहू नये.

म्हणून वंशवेल काढताना प्रत्येक नात्यापुढे ते कशावरून ठरवलं हे लिहावं: कोणती वही, कोणतं पान, कोणती शक्यता कशामुळे वगळली. जिथे दोन फ्रांतिशेकांत निवड झाली नाही, तिथे दोन्ही नावं लिहून जागा मोकळी ठेवावी. केवळ यादी लांबवण्यासाठी जोडलेला पूर्वज हा दुसऱ्या कुणाचा तरी पूर्वज असतो, आणि ही चूक दोन्ही कुटुंबांवर अन्याय करते. पाच पिढ्यांची पुराव्यासह लिहिलेली वंशवेल बारा पिढ्यांच्या अंदाजापेक्षा मोलाची आहे, कारण नंतरच्या शोधकाला ती तपासता येते, दुरुस्त करता येते आणि पुढे नेता येते.